खुबा बदलायचा का, कधी, आणि नंतर काय

खुबा दुखतो असं सांगताना माणूस हात कुठे ठेवतो, यावरून डॉक्टरांना बरंच काही कळतं. हात मागे कुल्ल्यावर गेला तर दुखणं बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यातून आलेलं असतं. बोटं पुढे जांघेत आणि अंगठा मागे, असा पंजाने खुबा धरून दाखवला की मात्र संशय सांध्यावर जातो. हा सांधा बराच आत, जांघेच्या मागे असतो. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतं ते हाड वेगळं. त्यात आणखी एक घोळ असतो. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा काही प्रमाणात एकच असल्यामुळे बिघडलेला खुबा कधीकधी फक्त गुडघ्यातच दुखतो. मग गुडघ्याचे एक्स-रे, गुडघ्याला तेल, गुडघ्यात इंजेक्शन असं करत वर्ष निघून जातं. शेवटी कुणीतरी पेशंटला पाठीवर झोपवून पाय आत-बाहेर फिरवून बघतं, तेव्हा उलगडा होतो. गुडघ्याच्या तपासण्यांत काही सापडत नसेल आणि दुखणंही थांबत नसेल, तर 'एकदा खुबाही बघा' असं आपणहून म्हणायला अजिबात संकोच करू नये.

सांध्याची रचना सरळ आहे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल, कमरेच्या हाडात त्याच्या मापाची वाटी, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर. थर झिजला किंवा गोळ्याचा आकारच बिघडला की हाडावर हाड घासतं. ऑपरेशनमध्ये तो गोळा कापून काढतात, वाटी आतून कोरून तिथे धातूची नवी वाटी बसवतात, तिच्यात प्लास्टिकचं किंवा सिरॅमिकचं अस्तर घालतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा बसवतात आणि त्यावर नवा गोळा. तासा-दोन तासांचं काम, बहुतेकदा कमरेखालचा भाग बधिर करून.

तरुणांचा खुबा का जातो

युरोप-अमेरिकेत खुबा बदलणाऱ्यांत साठी-सत्तरीतली, सांधा झिजलेली माणसं जास्त. आपल्याकडे वयामुळे गुडघे झिजतात, खुबा त्या मानाने कमी. आपल्याकडच्या यादीत तिशी-चाळिशीतले लोक बरेच दिसतात, आणि त्यांचं कारण असतं एव्हीएन. अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाडाचा तो भाग मरणं. मेलेलं हाड काही काळ आकार धरून राहतं आणि मग वजनाखाली खचतं.

कारणं ठाऊक असलेली आहेत. स्टेरॉइडचे मोठे किंवा लांबलेले डोस, दारू, खुब्याजवळचं जुनं फ्रॅक्चर. कोविडमध्ये स्टेरॉइडने अनेकांचे जीव वाचले, पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यानंतर आलेल्या एव्हीएनच्या केसेस मांडल्या, तेव्हा या आजाराचं नाव पहिल्यांदा घराघरांत पोचलं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे मोठं कारण आहे. तिथे विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचे खुबे जातात. आणि एक कारण पेशंटला माहीतच नसतं. दम्यावर किंवा संधिवातावर 'एका पुडीत आराम' देणाऱ्या बिननावाच्या औषधात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आराम खरोखर पडतो, म्हणून ती पुडी वर्षानुवर्षं चालू राहते.

एव्हीएनमध्ये वेळेला किंमत आहे. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो, आजार एमआरआयमध्येच दिसतो. गोळा खचलेला नसताना सापडला तर हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं, आणि काही जणांचा मूळ खुबा वाचतो, काही जणांचं खुबा बदलणं बरीच वर्षं पुढे ढकललं जातं. गोळा खचल्यावर तो मार्ग जवळपास बंद होतो. एका खुब्यात सापडला तर दुसऱ्याचाही एमआरआय बघतात, कारण हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो.

ठरवायचं कशावरून

घरातलं वयस्कर माणूस पडलं, उठता येत नाही, पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर तो बहुधा खुब्याचा फ्रॅक्चर. इथे विचार करत बसायला फार वेळ नसतो. शक्य असेल तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं असा सल्ला देतात, कारण म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात ठेवलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी हे सगळं मागे लागतं. 'या वयात कशाला चिरफाड' हे नातेवाइकांचं वाक्य प्रेमापोटी येतं, पण बहुतेक वेळा चिरफाड न करणंच जास्त धोक्याचं ठरतं. हाड कुठे मोडलंय त्यावर पुढचं ठरतं. गोळ्याच्या मानेशी मोडून सरकलं असेल तर गोळा बदलतात, कधी वाटीसकट. त्याच्या जरा खाली मोडलं असेल तर सहसा रॉड-स्क्रू घालून जोडतात.

झिजलेल्या किंवा खचलेल्या खुब्याचं तसं नाही. तिथे घाई नसते आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो. 'एक्स-रे खूप खराब आहे, करून टाका' एवढ्यावर ऑपरेशन ठरू नये असं माझं मत आहे. एक्स-रे अगदी वाईट असूनही रोज फिरायला जाणारी माणसं असतात, आणि मध्यम एक्स-रेवाला माणूस रात्रभर तळमळतो. फिल्म बाजूला ठेवून आयुष्यातून काय काय सुटलं याची यादी करावी. मोजा घालता येतो का, पायाची नखं स्वतःची स्वतः कापता येतात का, एसटीची पायरी चढता येते का. बाजारात जाणं, देवळात जाणं, भिशीला जाणं बंद झालंय का. रात्री कूस बदलताना जाग येते का. पेनकिलर आठवड्यातून एकदा लागते की रोज सकाळ-संध्याकाळ? रोजच्या पेनकिलरचा हिशेब मूत्रपिंडं ठेवत असतात, विशेषतः मधुमेह आणि बीपी असलेल्यांची.

ही यादी छोटी असेल तर थांबायला हरकत नाही. वजन पाच-सात किलो उतरवणं, मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम, आणि काठी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे जवळपास सगळे उलटं करतात. विरुद्ध हातातली काठी शरीराचं वजन तोलते, त्यामुळे कुल्ल्याच्या स्नायूला कमी जोर लावावा लागतो आणि सांध्यावरचा दाब खरोखर घटतो. काठीची लाज वाटते म्हणून लंगडत चालणारा माणूस खुबा तर झिजवतोच, वर कंबरही दुखावून घेतो.

पण थांबण्यालाही किंमत असते. वर्षानुवर्षं थांबलेल्यांचे स्नायू सुकतात, सांधा जखडतो, पाय आखडतो. मग ऑपरेशन चांगलं होऊनही चाल सुधारायला वेळ लागतो. 'अगदीच चालता येईनासं झालं की बघू' हा मुहूर्त चुकीचा आहे.

वयाचा प्रश्न वेगळा. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार १०० बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. सत्तरीनंतर खुबा बदलला तर आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत तीच ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं, महाग आणि कटकटीचं असतं. म्हणून तरुणाला डॉक्टर 'जमेल तितकं ढकला' म्हणतात. मात्र ३५ वर्षांच्या माणसाची नोकरी आणि झोप दोन्ही गेली असतील, तर साठीतलं दुसरं ऑपरेशन टाळण्यासाठी ऐन उमेदीची वर्षं कुबडीवर काढायला सांगणं बरोबर नाही. आज बदलून पुढे एकदा पुन्हा बदलावा लागेल, हे धरून चालणं हाही एक शहाणा निर्णय असू शकतो.

कुठला सांधा, कुठला डॉक्टर

आजचा सांधा ज्यावर उभा आहे ते काम जॉन चार्नली या ब्रिटिश सर्जनचं. त्याने आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती काही वर्षांतच झिजली आणि त्या पेशंटांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. नोव्हेंबर १९६२ मध्ये तो टणक पॉलिथिलीनकडे वळला आणि ते टिकलं. आज वापरतात ते त्याच प्लास्टिकचं किरणांनी घट्ट केलेलं रूप, आणि ते पूर्वीपेक्षा फारच कमी झिजतं. त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा, ही सध्याची सर्वांत रुळलेली जोडी. सिरॅमिकवर सिरॅमिक झिजत नाही म्हणण्याइतकं कमी झिजतं, पण क्वचित चालताना करकर आवाज येतो.

सिमेंट लावून बसवायचा की नुसता घट्ट बसवून हाडाला त्यात वाढू द्यायचं, हे हाडाच्या दर्जावर ठरतं. ठिसूळ हाडाच्या वयस्कर पेशंटला सिमेंटचा दांडा बरेचदा सुरक्षित. 'सिमेंट म्हणजे स्वस्त आणि जुनं' हा गैरसमज आहे. रोबोटने बसवलेला सांधा जास्त वर्षं टिकतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. पैसे ज्यात घालायचे ते सर्जनच्या हातात आणि थिएटरच्या स्वच्छतेत. म्हणून प्रश्न विचारायचे ते हे: तुम्ही वर्षाला किती खुबे बदलता? माझ्यासारखी केस किती वेळा केलीय? इन्फेक्शन झालं तर पुढे काय करता? चीर मागून घेणार की पुढून? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. चिडला तर दुसरा बघावा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवावं. अ‍ॅडमिट झाल्यावर कागदांची धावपळ फार होते.

आधीची तयारी

साखर आटोक्यात आणणं, तंबाखू-सिगारेट थांबवणं, हिमोग्लोबिन वाढवणं. दातही दाखवून घ्यायचे, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. लघवीचा संसर्ग, पायावरची भेग, बोटांमधली चिखली हेही आधी बरं करायचं. नव्या सांध्यात इन्फेक्शन शिरण्याचं प्रमाण शंभरात एखाद्याचं, पण ज्याला होतं त्याचे हाल विचारू नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांपैकी कुठल्या कधी बंद करायच्या, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

घरही आधीच बदलावं. पलंग आणि खुर्ची इतक्या उंच हव्यात की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील. मऊ सोफा बाद. पायपुसणी, सतरंजीच्या कडा, चार्जरच्या वायरी उचलून टाकायच्या. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा स्टीलचं स्टूल सर्जिकल दुकानात मिळतं. कमोड असेल तर त्यावर बसवायचा उंचवटाही मिळतो. भिंतीला धरायला दांडा हवा. नळाला किंवा टॉवेल रॉडला धरून उठू नये, तो वजन घ्यायला लावलेला नसतो.

नंतरचे दिवस

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. नातेवाईक घाबरतात, 'टाके तुटतील' म्हणतात. तुटत नाहीत. नवा सांधा बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून वजन घेतो. सर्जनने मुद्दाम थांबायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. उभं केल्यावर गरगरणं, मळमळणं मात्र अगदी नेहमीचं, म्हणून पहिल्यांदा उठताना माणूस शेजारी हवाच. दवाखान्यात दोन ते पाच दिवस, टाके साधारण दोन आठवड्यांनी.

गंमत म्हणजे जुनं, आतलं, कुरतडणारं दुखणं बऱ्याच जणांचं लगेच थांबतं. उरतं ते चिरेचं आणि ओढलेल्या स्नायूंचं. पायावर सूज दोन-तीन महिने राहू शकते, संध्याकाळी वाढते. मांडीवरचा निळा-हिरवा डाग गुडघ्यापर्यंत उतरतो तेव्हा घरचे हादरतात. तो जिरत चाललेल्या रक्ताचा असतो. आणि 'पाय लांब झालाय' ही तक्रार तर ठरलेली. आखडलेल्या स्नायूंमुळे कंबर एका बाजूला कललेली असते, त्यामुळे तसं वाटतं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत जातं, थोड्यांच्या पायात खरंच काही मिलिमीटरचा फरक उरतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने घरी जाण्याआधीच, दवाखान्याच्या जिन्यावर, फिजिओसोबत हे करून बघावं.

निखळण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. मागून चीर घेतली असेल तर तीन हालचाली टाळायच्या: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडणं, पाय दुसऱ्या पायावर टाकणं, आणि गुडघा आत वळवणं. या तिन्ही एकदम झाल्या की गोळा वाटीतून निसटू शकतो. पुढून चीर असेल तर पथ्यं वेगळी, म्हणून शेजारच्या काकांची पथ्यं आपल्याला लागू करू नयेत.

कागदावरच्या या तीन हालचाली आपल्या घरात कुठे लपलेल्या असतात ते बघण्यासारखं आहे. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडणं. एका बाजूला दोन्ही पाय दुमडून बसणं, जसं पूजेला बायका बसतात. खुर्चीत बसून पायाच्या बाहेरच्या बाजूने हात घालून चपलेचा पट्टा लावणं. झोपेत कुशीवर वळून वरचा पाय पुढे टाकणं, म्हणून दोन पायांमध्ये जाड उशी. साडी नेसून स्कूटरवर एका बाजूला बसणं. वाकून पाया पडणं. सुनेने आधी सांगूनही आल्या-गेल्यांसमोर सासूबाई सवयीने वाकतातच. खाली पडलेली वस्तू उचलायचीच असेल तर हाताने टेबल धरून ऑपरेशनचा पाय मागे सरळ न्यायचा आणि दुसऱ्या गुडघ्यात वाकायचं.

मांडी घालून बसता येईल का, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न. मांडीत गुडघा बाहेर वळतो, त्यामुळे मागून केलेल्या ऑपरेशनला ती बाजूला दुमडून बसण्यापेक्षा कमी धोक्याची. काही सर्जन तीन महिन्यांनंतर तिला परवानगी देतात, काही कधीच देत नाहीत. खरा धोका जमिनीवरून उठताना असतो, कारण तेव्हा माणूस पुढे पूर्ण वाकतो आणि पाय कसाही वळतो. उकिडवं बसणं बहुतेक सगळेच नको म्हणतात. मला विचाराल तर रोजचं जेवण टेबलावर आणि वर्षातून दोन-चार प्रसंगांना, शिकवलं असेल तशी, भिंतीच्या आधाराने मांडी. पण हे तुमच्या सर्जनशी बोलूनच.

खाण्यात पथ्य काही नाही. आंबट खाल्लं की पू होतो, वांगं-बटाटा बंद, हे सगळं निराधार. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळी, अंडी, दही, मासे, जे चालत असेल ते. पेनकिलरमुळे बद्धकोष्ठ होतं, त्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावं. जखमेवर हळद, तेल, लेप काहीही नको, आणि मालिशवाला तर नकोच.

काठी साधारण सहा आठवड्यांपर्यंत, गाडी चालवणंही त्याच सुमारास. बसून करायचं काम चार-सहा आठवड्यांत सुरू होतं, शेतीच्या किंवा ओझ्याच्या कामाला तीन महिने तरी धरावेत. इथेच पुष्कळ लोक चुकतात. दुखणं थांबलं की व्यायाम थांबतो. सांधा नवा मिळालेला असतो, पण कुल्ल्याचा स्नायू वर्षानुवर्षं लंगडून सुकलेला जुनाच असतो. तो भरला नाही तर दुखत नसतानाही माणूस डुलत चालतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, ओट्याला धरून पाय बाजूला नेणं, हे कंटाळवाणे व्यायाम सहा महिने तरी करावेत, मात्र कुठला कधी सुरू करायचा ते फिजिओने सांगितल्यावर.

पोटरी दुखून टणक झाली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. रक्ताची गाठ असू शकते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या महिनाभर देतात त्या याचसाठी, 'आता बरं वाटतंय' म्हणून मध्येच सोडू नयेत. जखमेतून पाणी येत राहिलं, ताप आला, किंवा पाय एकदम आखूड होऊन टेकवता येईना, तरी लगेच जायचं. जखमेतून पाणी येतंय म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊन आठवडा काढणं सर्वांत महागात पडतं. ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच दाखवावं.

फाइल जपा

बिलाच्या कागदांत एक चीज असते जी बहुतेक घरांत हरवते: बसवलेल्या प्रत्येक भागाचं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा खुबा जगभरातून परत बोलावला. घासून सुटलेले कोबाल्ट-क्रोमियमचे कण आसपासच्या मांसात आणि रक्तात जात होते. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली, २०१८ मध्ये केंद्राने भरपाईचं सूत्र ठरवलं. पण त्यातल्या फार मोठ्या संख्येच्या पेशंटांचा पत्ताच लागला नाही. आपल्या शरीरात काय बसवलंय हे सांगणारा कागद हाताशी असेल, तरच पेशंटला स्वतःहून पुढे येता येतं. पंधरा वर्षांनी खुबा पुन्हा बदलायची वेळ आली, तर नव्या सर्जनलाही आतल्या दांड्यावर कुठला गोळा बसेल ते याच स्टिकरवरून कळतं.

डिस्चार्जच्या दिवशी गडबड असते, तेव्हा निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर किंवा फाइलमध्ये ती स्टिकर्स लावलीत का ते बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो मुलांनाही पाठवून ठेवा.